मामा म्हणजे आई

आपल्याकडे मामा म्हटलं की आईचा भाऊ, उन्हाळ्याची सुट्टी आणि लाड. रवांडात मामा म्हणजे चक्क आई. किगालीच्या पूर्वेला, रवामागाना जिल्ह्यातल्या टेकड्यांवर आगाहोझो-शालोम नावाचं मुलांचं एक गाव आहे. तिथल्या प्रत्येक घरात एक मामा आणि तिची डझन-दीड डझन मुलं, एका घरात सगळे मुलगे तर दुसऱ्यात सगळ्या मुली. वर्षभरासाठी बाहेरदेशातून आलेला स्वयंसेवकही अशाच एका घराला जोडून दिला जातो. त्याचं नातं ठरलेलं असतं: 'कझिन'. चुलत, आते की मामे, असली चौकशी तिथे कुणी करत नाही. पण मामा म्हणजे आई असेल, तर आपल्या हिशेबानं तो मावसभाऊच म्हणायचा.

'आगाहोझो' हा किन्यारवांडा शब्द. जिथे डोळे पुसले जातात ती जागा. 'शालोम' म्हणजे हिब्रूत शांती. या जोडनावामागे एक बाई आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेल्या ॲन हेमन यांनी २००५ मध्ये रवांडातल्या अनाथ मुलांचा प्रश्न ऐकला. १९९४ च्या वंशसंहारात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली होती आणि मागे राहिलेल्या पोरक्या मुलांची संख्या देशाच्या आवाक्याबाहेरची होती. हेमनना इस्रायल आठवलं. तिथे ज्यू वंशसंहारातून वाचलेल्या मुलांसाठी युवाग्रामं उभी राहिली होती. हैफाजवळचं येमिन ओर्दे १९५३ पासून चालू आहे. तोच नमुना घेऊन १४४ एकरांवर हे गाव बांधलं गेलं. डिसेंबर २००८ मध्ये पहिली १२५ मुलं राहायला आली. आज मुलं पाचशेच्या आसपास आहेत. वंशसंहारात पोरकी झालेली पिढी कधीच मोठी झाली. आता येतात ती देशभरातली परिस्थितीनं गांजलेली मुलं.

मुलं किशोरवयाची. चार वर्षं राहतात. त्यातलं पहिलं वर्ष मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याचं, त्यातही इंग्रजीचं. रवांडानं २००८ च्या सुमारास शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेलं आणि शिक्षकांपासून मुलांपर्यंत सगळ्यांचीच तारांबळ उडाली. स्वयंसेवकाच्या इंग्रजीला किंमत आली ती त्यामुळे.

विषुववृत्त जवळ, म्हणून बारा महिने उजाडतं सहाच्या सुमारास आणि मावळतंही सहालाच. उंची महाबळेश्वरपेक्षा जास्त, त्यामुळे पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. दिवसा शाळा, मग खेळ, गाणंबजावणं, शेती, वादविवाद. स्वयंसेवक यातलं काहीतरी चालवतो, कुणाचं इंग्रजी तपासतो, कुणाला संगणक दाखवतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी देशभर 'उमुगांदा' असतो, म्हणजे सकाळभर सार्वजनिक श्रमदान. रस्ता साफ करा, चर खणा. जेवण सामाईक भोजनगृहात. ताटात भात किंवा उबुगाली (पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा), कच्च्या केळ्यांची भाजी, आणि घेवडा. आपल्या वाघ्या घेवड्याच्या जातकुळीतला, पण फोडणीशिवाय. आज घेवडा, उद्या घेवडा, परवाही घेवडाच. पहिल्या महिन्यात लोणच्याची बाटली सोनं वाटते म्हणतात, ते खोटं नसावं.

खरा दिवस रात्री सुरू होतो. जेवणानंतर घरातली सगळी एकत्र बसतात: मामा, घराला नेमून दिलेला मोठा दादा किंवा ताई, मुलं आणि हा मावसभाऊ. दिवसाचं बरंवाईट बोलायचं. कुणी गणितात घसरलेला असतो, कुणाचं मैत्रिणीशी वाजलेलं असतं. कुणी काहीच बोलत नाही, तेही चालतं. पाव्हण्याला सुरुवातीला 'अमाकुरु?' आणि 'नी मेझा', म्हणजे 'काय खबर?' आणि 'बरं आहे', एवढंच येतं. मुलं त्याच्या उच्चाराला मनमुराद हसतात. शिकवायला आलेला माणूस त्या खोलीत सगळ्यात ढ असतो, आणि मला वाटतं या व्यवस्थेतली सर्वात शहाणपणाची गोष्ट हीच.

कारण आफ्रिकेत 'स्वयंसेवेची' दुसरी तऱ्हाही चालते. पंधरा दिवस जायचं, कडेवर मूल घेऊन फोटो काढायचा, एक भिंत रंगवायची आणि सफारी करून परतायचं. ज्या मुलाची माणसं आधीच एकेक करून गेली, त्याला लळा लावून निघून जाणं ही सेवा कशी म्हणावी? आगाहोझोत वर्षभराची बोली असते. वर्षही थोडंच, पण मामा आधी असते आणि नंतरही असते. मामा, शिक्षक, समुपदेशक जवळपास सगळे रवांडाचेच. पाहुण्यावर घर उभं नाही.

मुलंही नुसती घेणारी नाहीत. मोठ्या वर्गातली मुलं आजूबाजूच्या वस्त्यांत जाऊन घरबांधणीला हात लावतात, प्राथमिक शाळेत शिकवतात. गावही तसंच. त्याच्या जमिनीवर ८.५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे, आफ्रिका खंडाच्या नकाशाच्या आकारात मांडलेला. त्या जमिनीच्या भाड्यातून गावाच्या खर्चाला हातभार लागतो. प्रकल्पातून वीज सुरू झाली २०१४ मध्ये. हेमनना ते पाहता आलं नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत घोड्यावरून पडून त्या गेल्या, ५२ व्या वर्षी.

आपल्याकडचं कुणी अशा ठिकाणी जायचं म्हणत असेल, तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वर्षाची सवड नसेल, तर प्रवासाचे पैसे सरळ पाठवून द्या. आणि सवड असेल, तर जाताना लोणचं थोडं जास्तच न्या; पूर्ण घरात वाटावं लागेल.