पूर ओसरल्यावरचे दुकान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला पुराविषयी बोलायला सांगितले की तो नदीविषयी बोलू लागतो, असा आपल्याकडे समज आहे. मी आज दुकानाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण असे की माझे बालपण गादीच्या दुकानात गेले. वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझ्या अब्बांची आठ बाय बाराची एक खोली आणि रूई पिंजायचे एक यंत्र होते. पाटीवर मात्र 'गादी कारखाना' असे ठसठशीत लिहिलेले. कामगार दोन, एक अब्बा आणि शाळा सुटल्यावर मी.

मी सातवीत असताना एका रात्री गावाशेजारचा नाला बाजारात शिरला. सकाळी दार ढकलले तर ते उघडेना. आतली रूई पाणी पिऊन फुगली होती आणि दाराला टेकून बसली होती. कोरडी रूई फुंकर मारली तरी उडते, भिजली की दोन माणसांना उचलत नाही. त्यात गाळ मिसळला म्हणजे ती वाळवूनही उपयोग नाही. दुपारी पंचनामा करायला माणसे आली. एकाने विचारले, "चाचा, माल किती रुपयांचा होता?" अब्बा म्हणाले, "आमचा थोडाच होता साहेब. बाकी लोकांचा होता." आणि ते खरेच होते. पावसाळ्यात लोक जुन्या गाद्या उसवून त्यातली रूई पुन्हा पिंजायला टाकतात. खोलीतली निम्म्याहून जास्त रूई गिऱ्हाइकांची होती. कागदावर फक्त आमच्या मालाचा आकडा चढला. त्या कागदाचे पुढे काय झाले ते आम्हाला कधी कळले नाही. अब्बा मात्र पुढचे दोन हिवाळे लोकांची रूई फेडत राहिले.

श्रोतेहो, ही गोष्ट सांगण्याचे कारण म्हणजे पुरात शेतकऱ्याचे काय जाते हे आपल्याला कळते, घर पडलेल्याचे काय जाते हेही कळते; पण छोट्या दुकानदाराचे नेमके काय जाते हे त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही. आणि मदतीचा सगळा व्यवहार तर 'काय गेले' या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो.

आधी सरकारी मदत कशी चालते ते पाहू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक राज्याचा एक आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्राच्या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. या निधीतून कशासाठी किती द्यायचे याची यादी केंद्र सरकार ठरवून देते. माणूस दगावला तर चार लाख, घर वाहून गेले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिले तर कपड्यांसाठी अडीच हजार, भांड्याकुंड्यांसाठी अडीच हजार, असे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे दर आहेत. पिके आहेत, जनावरे आहेत, मासेमारांच्या होड्या आणि जाळी आहेत. हस्तकला आणि हातमागाच्या कारागिरालाही अवजारांसाठी पाच हजार आणि कच्च्या मालासाठी पाच हजार आहेत. या लांबलचक यादीत नाही ते किराणा दुकान, शिंप्याचे दुकान, मोबाईल दुरुस्तीचा गाळा, चहाची टपरी.

म्हणून दुकानदारांना जी मदत मिळते ती राज्य सरकार त्या त्या वेळी वेगळा निर्णय काढून, आपल्या तिजोरीतून देते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात गेली, तेव्हा असा निर्णय झाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची अख्खी बाजारपेठ बुडवली, सावित्रीने महाड बुडवले, त्यानंतर ३ ऑगस्टला मंत्रिमंडळाने ११ हजार ५०० कोटींची तरतूद मंजूर केली, तिच्यातही दुकानदारांचा रकाना होता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी सीताबर्डीपर्यंतच्या वस्त्यांत आणि दुकानांत घुसली, तेव्हाही तेच दर जाहीर झाले. दुकानाला ५० हजारांपर्यंत, टपरीला १० हजारांपर्यंत.

यातला 'पर्यंत' हा शब्द नीट ऐकावा. नियम असा की प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५० हजार, यातली जी रक्कम कमी असेल ती. साठ हजारांचा माल गेला तर पंचेचाळीस हजार मिळतील. चार लाखांचा गेला तरी पन्नास हजारच. म्हणजे साधारण सहासष्ट हजारांच्या वर नुकसान गेले की तुमचा पुढचा प्रत्येक रुपया सरकारच्या हिशेबात नाहीसा होतो. टपरीचा हा उंबरठा तेरा हजारांच्या थोडा वर आहे. आजच्या भावात दोन पोती साखर, गॅसची शेगडी, एक जुना फ्रिज एवढ्यातच तो ओलांडला जातो. मी सरकारला दोष देत नाही. काहीच नव्हते तिथे काहीतरी आले आहे आणि ते परत करायचे नाही, हे मोठेच आहे. पण ही भरपाई नव्हे. पुन्हा शटर वर करायला दिलेला हा हात आहे.

अमेरिकेत उलटा प्रकार आहे. २९ ऑगस्ट २००५ ला, म्हणजे आपल्या मुंबईतल्या २६ जुलैच्या पुरानंतर महिनाभराने, कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. आपत्तीत घरे गमावलेल्यांना तिथले केंद्र सरकार अनुदान देते. दुकानदार त्याच सरकारच्या दाराशी गेला तर त्याला मुख्यतः कर्ज मिळते. छोट्या उद्योगांसाठी तिथे एक वेगळे खाते आहे, ते कमी व्याजाने वीस लाख डॉलरपर्यंत, तीस वर्षांपर्यंतच्या मुदतीने कर्ज देते. रक्कम मोठी, पण फेडायची. साठीच्या माणसाने तीस वर्षांचे कर्ज कसे घ्यावे? आपल्याकडे रक्कम लहान आणि फेडायची नाही. दोन्हींच्या मधली वाट दोन्ही देशांना अजून नीट सापडलेली नाही असे मला वाटते.

आता पंचनाम्याकडे येऊ. शब्द जुना आहे, पाच जणांच्या साक्षीने केलेली नोंद. गावात तलाठी आणि ग्रामसेवक, शहरात नगरपालिकेचे आणि महसूलचे कर्मचारी हे काम करतात, यादी तहसीलदारांकडे जाते आणि पैसे बँक खात्यात जमा होतात. २०२१ च्या निर्णयात दुकानदारासाठी अटी होत्या. तो स्थानिक रहिवासी असावा, मतदार यादीत नाव असावे, शिधापत्रिका असावी. खोट्या यादीला आळा घालायला या अटी ठीक. पण बाजारात फिरून पाहा. कुल्फीवाला राजस्थानचा, भेळवाला उत्तर प्रदेशचा, चादरी विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला. वीस-वीस वर्षे इथे धंदा करतात आणि मतदार यादीत नाव गावाकडे. पाणी त्यांच्याही हातगाडीवरून गेलेले असते. घरात शिलाई मशीन ठेवून ब्लाउज शिवणारी बाई तर दुकानदारही नव्हे आणि प्रमाणित कारागीरही नव्हे. तिचे मशीन 'घरगुती सामान' या शब्दांत बुडून जाते.

यावर थोडा इलाज आपल्या हातात आहे. २०१७ च्या राज्याच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार थोडेच कामगार असलेल्याला परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. 'उद्यम' नोंदणी २०२० पासून आधार क्रमांकावर होते आणि ती मोफत आहे. कोणी हजार रुपये मागत असेल तर तो स्वतःच्या धंद्याचे पैसे मागतो आहे. घरी शिवणकाम करणारी बाईसुद्धा ही नोंदणी करू शकते. फेरीवाल्यांना विक्रेता म्हणून प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१४ च्या फेरीवाला कायद्यातच आहे, २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेत ते कामी येते. ती योजना कर्जाची आहे, पुराची नाही. पण पंचनाम्याच्या दिवशी 'हा माणूस इथे धंदा करत होता' हे सांगणारा एखादा कागद असला की बोलणे सोपे होते.

विम्याचे नाव काढले की छोटा दुकानदार हसतो. पण ज्याने बँकेतून कॅश क्रेडिट किंवा मालावर कर्ज घेतले आहे त्याने एकदा पासबुक उघडून पाहावे. तारण मालाचा विमा बँक पुष्कळदा स्वतःच उतरवते आणि हप्ता खात्यातून वळता होतो. पॉलिसी बँकेच्या फायलीत, दुकानदाराला पत्ता नाही. पत्त्यावरूनही घोटाळे होतात. पॉलिसीवर दुकानाचा पत्ता आणि माल मागच्या गल्लीतल्या गोदामात, की दावा अडकला. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे आहे, तिच्यात आगीबरोबर वादळ आणि पूरही येतो. विमा कमी रकमेचा उतरवला असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते, मात्र या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे.

आणि आता अब्बांची रूई. शिंपी, धोबी, घड्याळजी, मोबाईल दुरुस्तीवाला, गादीवाला यांच्या दुकानात दुसऱ्याचा माल पडलेला असतो. विम्याच्या भाषेत तो 'विश्वासाने ठेवलेला माल'. पॉलिसीत तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच त्याची भरपाई मिळते. विमा उतरवताना हे एक वाक्य लिहून घ्यायचे, एवढेच. पंचनाम्यातही तो माल वेगळा लिहून घ्यावा, गिऱ्हाइकाच्या नावासह. त्याचे पैसे मिळतीलच असे नाही. पण नोंद नसेल तर विषयच संपला.

कर्ज असेल तर बँकेत जावे. नैसर्गिक आपत्तीनंतर बँकांनी कर्जदारांशी कसे वागावे याचे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिलेले आहेत. हप्ते पुढे ढकलणे, कर्जाची मुदत नव्याने बांधणे, खेळत्या भांडवलासाठी नवे कर्ज हे त्यात येते. ते आपोआप मात्र होत नाही. अर्ज दुकानदारानेच करायचा असतो, आणि खाते थकीत व्हायच्या आत केलेला बरा. जीएसटीत नोंद असलेल्यांना आणखी एक खोच. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. माल नदीत गेला आणि करही खिशातून गेला! हिशेबनिसाला आधीच विचारून ठेवावे.

खरे सांगायचे तर दुकान उघडते ते यातल्या कशानेच नाही. पहिली मदत असते घाऊक व्यापाऱ्याची. "मागचे राहू दे, नवा माल घेऊन जा," असे तो म्हणाला की तिसऱ्या दिवशी फळ्या भरतात. ही उधारी कुठल्या शासन निर्णयात येत नाही. जुलै २०२२ मध्ये वणेचे पाणी हिंगणघाटच्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरले होते. कापसाच्या व्यापारावर वाढलेले हे गाव. तिथे कोणाची पत किती हे बँकेच्या आधी बाजाराला ठाऊक असते. अडचण एवढीच की व्यापारीही त्याच पुरात बुडाला तर ही साखळी तुटते. चिपळूणला तसेच झाले. लहान दुकानदार आणि त्याला माल देणारा, दोघेही एकाच गाळात उभे होते.

माझा एक भाचा नागपुरात नाग नदीजवळच्या भाड्याच्या गाळ्यात शिलाईचे दुकान चालवतो. २०२३ च्या त्या शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. "मामू, सगळे गेले. फेकून देऊ का?" मी म्हटले, फेकू नकोस. आधी फोटो काढ, भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत येऊ दे. कापडाचे एकेक ठाण बाहेर मांड, मोज, लिही. मशीनच्या मोटारी लगेच चालू करू नकोस, वायरमनला दाखव. पंचनामा होईपर्यंत खराब मालसुद्धा दुकानाबाहेर राहू दे, वास आला तरी चालेल. जुनी बिले भिजली असतील तर व्यापाऱ्याकडून दुसरी प्रत घे, त्याच्या संगणकात असतात. आणि लोकांचे कपडे वेगळे लिही.

लोकांचे तेवीस जोड होते, त्यात एका नवरदेवाची शेरवानी. त्याची मापाची वही भिजून एकजीव झाली होती, पण सवयीने तो प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कारागिराला पाठवत असे. त्या फोटोंवरून त्याने नावासकट यादी केली. पंचनामा करणाऱ्या मुलीने ती वाचली आणि म्हणाली, "काका, याला रकाना नाही, पण मी शेवटी शेऱ्यात लिहिते." लिहिले तिने. गाळ्याचा मालक भिंतीचा आणि शटरचा अर्ज वेगळा करून गेला, मालाचा अर्ज भाच्याने केला. भाडेकरूने हे लक्षात ठेवायला हवे, कारण कित्येक ठिकाणी दोघेही दुसऱ्याने अर्ज केला असेल म्हणून गप्प राहतात.

पैसे यायला वेळ लागला. दरम्यान त्याने गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. काहींनी शिलाई न घेता नवे कापड आणून दिले, दोघे भांडले, नवरदेवाच्या वडिलांनी शेरवानीचे अर्धे पैसे माफ केले. बाकीचे तो अजून शिवून देतो आहे, आमच्या अब्बांसारखेच. परवा गेलो तेव्हा मापाची वही खाली गल्ल्याजवळ नव्हती. छताच्या पंख्याशेजारी त्याने एक अरुंद फळी ठोकली आहे, स्टूल घेतल्याशिवाय तिथे हात पुरत नाही. वही तिथे, उद्यमचा कागद तिथे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत विम्याची पॉलिसी. पॉलिसी मी उघडून पाहिली. ते वाक्य तिच्यात आहे.