संगणकाचं बिऱ्हाड जपून ठेवताना

दिवाळी आली की आपण माळे आवरतो, डबे घासतो, कपाटात नवे कागद घालतो. घरातल्या संगणकाकडे मात्र कुणी बघत नाही. मुलांच्या बारशापासूनचे फोटो, यजमानांचे हिशेब, माझ्यासारखीच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच्या पोटात! आणि डिस्क पुष्कळदा न सांगताच बंद पडते.

“आम्ही फोटो पेनड्राइव्हवर उतरवलेत की,” असं बऱ्याच जणी म्हणतात. उतरवावेतच. पण आमच्या शेजारच्या वहिनींचा संगणक गेला तेव्हा फोटो वाचले, मात्र दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम, प्रिंटरची जोडणी, मराठी टायपिंग हे सारं पुन्हा बसवण्यात आठवडा गेला. फोटो उतरवणं म्हणजे कपाटातले दागिने तेवढे काढून घेणं. डिस्कची ‘इमेज’ म्हणजे कपाट, कप्पे, किल्ल्या जशाच्या तशा उचलणं. ती नव्या डिस्कवर ओतली की संगणक त्या दिवशी होता तसा उभा! (नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको, एवढं बघायचं.)

यासाठी क्लोनझिला नावाचं मोफत साधन आहे. ते पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करायचा आणि इमेज बाहेरून जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर ठेवायची. जोडकिल्ली त्याच जुडग्यात ठेवून काय उपयोग? पडदा जरा रुक्ष दिसतो, घाबरू नका. पण एक गोष्ट दोनदा वाचा: ‘सेव्ह’ म्हणजे जपणं, ‘रिस्टोअर’ म्हणजे परत ओतणं. रिस्टोअर करताना ज्या डिस्कवर ओतायचं तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. घाईत, दूध उतू जात असताना हे काम करूच नये.

इमेज झाली म्हणजे संपलं असं नाही. ती परत ओतता येईल का, हे क्लोनझिला तपासून देतं. वेळ लागतो, लागू दे. तोवर कुकर होतो. मग दुसरी खूण, ‘शा-२५६’. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम फाइल वाचून ६४ अक्षर-अंकांची ओळ देतो. ती वहीत लिहा. फाइल दुसरीकडे नेल्यावर ओळ पुन्हा काढा. जुळली, तर वाटेत काही बिघडलं नाही. फाइलीत एक कण जरी बदलला तरी ओळ पार वेगळी येते. पण मुळातच बिघडलेल्या फाइलीचीही ओळ निघते बरं का, म्हणून आधीची तपासणी टाळू नका.

राहिले तुकडे. पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ पद्धतीचे असतात, त्यांवर ४ जीबीची एक सबंध फाइल मावत नाही, जागा कितीही असो. क्लोनझिलाला तुकड्यांचं माप सांगता येतं. तयार मोठी फाइल सेव्हन-झिपही तोडून देतो. तुकड्यांच्या नावापुढे ००१, ००२ असे आकडे येतात. जोडताना सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत. एक हरवला तर बाकीचे दहा असून नसल्यासारखे! म्हणून मी म्हणेन, मोठी डिस्क घेणं परवडत असेल तर तोडातोड नकोच. जोडलंत तर ती ६४ अक्षरांची ओळ पुन्हा ताडून बघा.

काम झालं की डिस्क सोडवून कपाटात ठेवा. लावून ठेवली तर संगणकात शिरलेला व्हायरस तिलाही गाठतो. वर तारखेची चिठ्ठी चिकटवा. आणि क्लोनझिलाचा पेनड्राइव्हही तिच्याच डब्यात राहू दे; संगणक बंद पडल्यावर तो बनवणार कशावर?