साखर सापडली, कारण कोण शोधणार?

मधुमेह हा पोट सुटलेल्या, खुर्चीत बसून पगार घेणाऱ्या माणसांचा आजार आहे, अशी समजूत अजूनही आपल्या समाजात घट्ट बसलेली आहे. प्रत्यक्षात वस्त्यांमध्ये फिरताना काय दिसते? चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाची, दिवसभर विटा वाहणारी, एकवेळ जेवणारी माणसे साखरेचे कागद घेऊन उभी असतात. ‘‘वकीलसाहेब, मी त साखर खातच नाही, मग ही साखर आली कुठून?’’ हा प्रश्न आम्ही किमान शंभर वेळा ऐकला असेल. ज्यांनी उत्तर द्यायचे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याला हसून गोळ्या लिहून दिल्या. वास्तविक हा अडाण्याचा प्रश्न नाही. तो वैद्यकशास्त्राला विचारलेला अगदी अचूक प्रश्न आहे.

‘निदान’ हा शब्द आपण रोज वापरतो. पाली भाषेत निदान म्हणजे कारण. बारा निदाने आपल्या वाचकांना माहीत आहेत. म्हणजे कारण सापडल्याशिवाय निदान झाले असे म्हणताच येत नाही. साखर १९० निघाली हे मोजमाप झाले. ती का वाढली, हे कळले तर ते निदान. आपल्याकडे मात्र मोजमापालाच निदान समजून रुग्णाला घरी पाठवले जाते. गरिबाच्या बाबतीत तर कित्येकदा मोजमापसुद्धा चुकीच्या फुटपट्टीने होते.

प्रश्न किती मोठा आहे हे आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या संख्येला एकच साचा लावला की त्या साच्यात न बसणारी माणसे बाहेर पडतात. ती कोण असतात, हे आम्ही एका उदाहरणाने सांगतो.

पूर्व विदर्भातील एक बांधकाम मजूर. वय ३४, वजन ४४ किलो. वर्षभर सतत तहान, रात्री चार-पाच वेळा लघवी, कपडे सैल झालेले, पायाला जखम आणि ती भरत नाही. पहिल्या डॉक्टरांनी उपाशीपोटी साखर पाहिली, ती १८८ आली. नंतर ‘तीन महिन्यांची सरासरी’ सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी केली, ती आली ५.१. म्हणजे अगदी निरोगी माणसाची! डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी काहीतरी खाऊन आला असशील. दुसऱ्याने टेन्शन सांगितले. तिसऱ्याने काही न विचारताच ‘दारू सोड’ म्हणून सुनावले. हा माणूस दारूला शिवतही नव्हता. चौथ्याने गोळ्या दिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. चार दवाखाने, सहा महिने, आणि बुडालेली मजुरी. रक्तातली साखर एक सांगते, तीन महिन्यांची सरासरी दुसरेच सांगते, आणि खोटे बोलल्याचा ठपका मात्र रुग्णावर!

अखेर एका सरकारी रुग्णालयातील शिकाऊ डॉक्टर मुलीने एक साधा प्रश्न विचारला : ‘‘दादा, लहानपणी हातपाय खूप दुखायचे का? डोळे पिवळे व्हायचे का?’’ उत्तर ‘हो’ आले. सिकलसेलची तपासणी झाली. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये ‘एसएस’ नमुना निघाला. म्हणजे तो केवळ वाहक नव्हता, सिकलसेलचा रुग्ण होता. कोडे तिथेच सुटले.

हे कोडे समजून घेतले पाहिजे. रक्तातली साखर तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटते. किती चिकटली हे मोजून मागील तीन महिन्यांचा अंदाज बांधतात, तीच एचबीएवनसी. ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह, असा नियम आहे. पण या हिशेबामागे एक गृहीतक आहे : तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. जी पेशी तीन आठवडेही जगली नाही, ती तीन महिन्यांची साक्ष कशी देणार? साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवले असेल तर त्यात दुसऱ्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. तेव्हाही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. उलट लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर हाच आकडा खोटा जास्त येऊ शकतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवले आहे. म्हणजे एका मायमाउलीला नसलेला मधुमेह चिकटवला जाऊ शकतो आणि दुसऱ्या बांधवाचा असलेला मधुमेह लपून राहू शकतो.

केवळ वाहक असलेल्यांचे काय? २०१७ मध्ये अमेरिकेत चार हजारांहून अधिक आफ्रिकन-अमेरिकन लोकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर सारखीच असूनही वाहकांचा एचबीएवनसी सरासरी ०.३ ने कमी येतो, असे त्यात दिसले. फरक लहान वाटतो. पण जो माणूस नेमका सीमारेषेवर उभा आहे, त्याच्यासाठी तो पुरेसा आहे.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यावरून ‘यांचे रक्तच खराब’ अशी कुजबुज करणारे महाभाग आजही भेटतात. त्यांना विज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे. वाहक असलेल्या मुलाला मलेरियाच्या जीवघेण्या स्वरूपापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले. आफ्रिकेत टिकले, अरबस्तानात टिकले, मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही टिकले. हा डासांचा आणि जंगलांचा इतिहास आहे. यात कोणत्याही जातीचा कमीपणा नाही.

दुसरा गट आहे कृश मधुमेहींचा. १९५५ मध्ये ह्यू-जोन्स या डॉक्टरांनी जमैकात असे रुग्ण नोंदवले, जे प्रचलित दोन्ही प्रकारांत बसत नव्हते. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणाशी निगडित मधुमेह’ असा स्वतंत्र वर्ग मान्य केला आणि १९९९ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून तो काढून टाकला. वर्ग गेला, रुग्ण मात्र होते तिथेच राहिले! पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, या कृश रुग्णांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करते; ते मुळात तयारच कमी होते. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. काही तज्ज्ञांचा या वेगळ्या वर्गाला आक्षेप आहे आणि वाद चालू आहे. तो शास्त्रज्ञांनी जरूर घालावा. पण उपासमारीचा माणसाच्या स्वादुपिंडाशी संबंध असू शकतो, हा प्रश्न पुन्हा टेबलावर आला, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. भुकेची नोंद रेशनकार्डावर होते. ती केसपेपरवरही झाली पाहिजे.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर माता व त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यातूनही हेच पुढे आले की, मधुमेहाची मुळे आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात. वजनाने कमी असलेले आपले बाळही चरबीच्या प्रमाणात तेवढे कमी नसते. वरून बारीक, आतून चरबी. तेव्हा ‘तू तर सडपातळ, तुला कशी साखर?’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही.

याखेरीज आणखीही कारणे असतात. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते. बाजारातल्या ‘जादूच्या’ पुड्यांतही स्टेरॉइडची भेसळ सापडते. स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह होतो. अशा रुग्णाला पोटदुखीचा जुना इतिहास असतो. प्रौढ वयात सुरू होणारा टाइप १ असतो. क्षयरोग आणि मधुमेह एकमेकांचा हात धरून येतात. हे ओळखण्यासाठी सी-पेप्टाइड, अँटिबॉडी, सोनोग्राफी अशा तपासण्या आहेत. प्रत्येकाला सगळ्या लागत नाहीत. मात्र कोणाला कोणती लागते, हे ठरवण्यासाठी रुग्णाशी दहा मिनिटे बोलावे लागते.

आता सरकारकडे वळू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. दुसरीकडे तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह-रक्तदाब तपासणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात आशाताई घरोघर एक अर्ज भरतात आणि कोणाला आधी तपासायचे ते गुणांवरून ठरते. गुण कशाला? कमरेचा घेर, व्यायामाचा अभाव, तंबाखू, दारू, आईवडिलांचा मधुमेह. आमचा ४४ किलोचा मजूर या परीक्षेत नापास होणारच! त्याची कंबर बारीक आणि अंगमेहनत भरपूर. शिवाय सिकलसेलची नोंद एका रजिस्टरात, साखरेची दुसऱ्या रजिस्टरात. दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे एवढीच आमची मागणी आहे. सिकलसेल कार्डावरच ‘एचबीएवनसीवर विसंबू नये’ अशी एक ओळ छापायला सरकारला किती खर्च येणार आहे?

कायद्याने आपल्या हातात काय दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत त्याची वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात. वरील प्रकरणात एका खासगी दवाखान्याने ‘कागद आमच्याकडेच राहतील’ असे सांगितले होते. याच नियमाचा उल्लेख केलेला एक अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी कागद मिळाले. सरकारी रुग्णालयात माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी आहेच. जुने रिपोर्ट समोर असल्याशिवाय नवा डॉक्टर कारण शोधू शकत नाही, म्हणून कागद हे औषधाइतकेच महत्त्वाचे. सिकलसेल आजाराचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, हेही अनेक कुटुंबांना माहीत नसते.

वाचकांनी आपल्या वस्तीत एवढे करावे. ज्याची साखर आणि एचबीएवनसी जुळत नाही, त्याने डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट विचारावे : माझे हिमोग्लोबिन किती? सिकलसेल तपासला का? शिरेतले रक्त घेऊन उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनंतरची साखर पाहता येईल का? उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोजनंतर २०० ही मर्यादा ओलांडली तर मधुमेहाचा निर्णय त्यावर होऊ शकतो. बोट टोचून पाहणाऱ्या यंत्रावर निदानाचा निर्णय सोडू नये. रक्त फार कमी असेल तर ते यंत्रही चुकते. आणि हे वाचून कोणीही चालू गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. कारण शोधायचे ते उपचार चालू ठेवून.

त्या मजुराला आता इन्सुलिन चालू आहे. पायाची जखम भरली आहे. त्याच्या मधुमेहाचा नेमका प्रकार कोणता, याचा तपास डॉक्टर अजून करीत आहेत, आणि तो पूर्ण होईपर्यंत आम्ही त्याच्यासोबत जाणार आहोत. परंतु ‘तू खोटे बोलतोस’ असे त्याला आता कोणी म्हणत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेहाने पोखरले होते, हे आपण दरवर्षी ६ डिसेंबरला हळहळून सांगतो. आपल्या शेजारच्या घरात तहानेने रात्र काढणाऱ्या माणसाचे रिपोर्टही एकदा नीट वाचूया. येत्या रविवारी विहारात जे आरोग्य शिबीर भरेल, तिथे साखरेच्या टेबलाशेजारी सिकलसेलचे टेबल लावा. दोन टेबलांमध्ये अंतर फक्त चार फुटांचे असते.