चौदा दिवसांचे औषध

सियाचिनचा विषय निघाला की उणे पन्नास अंशांची थंडी, हिमस्खलन आणि जखमींना उचलून आणणारी चीता हेलिकॉप्टर यांचीच चर्चा होते. भारतीय लष्कराच्या वैद्यकीय सेवेने उंचीवरच्या सैनिकासाठी घडवलेले सर्वांत मोलाचे साधन मात्र दिसायला अगदी साधे आहे. ते एक वेळापत्रक आहे. मैदानातून आलेल्या जवानाने ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात ६ दिवस काढायचे. त्यांतले पहिले दोन दिवस जवळजवळ पूर्ण विश्रांती, पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणे आणि शेवटचे दोन दिवस थोडी चढण. मग १५,००० फुटांपर्यंतच्या टप्प्यात ४ दिवस आणि त्याहून वर आणखी ४ दिवस. असे हे १४ दिवस होतात. लांब रजेवरून परतणाऱ्यालाही पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. फौजेत याला सगळेच ‘ॲक्लमटायझेशन’ म्हणतात. उंचीवरचे हे खरे औषध आहे. मात्र ते देण्याचा अधिकार एकट्या डॉक्टरच्या हाती नाही, आणि त्याची सगळी अडचण तिथेच आहे.

लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण मुंबईइतकेच, म्हणजे २१ टक्के असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उतरतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच हिशेबाने कमी येतो. शरीर श्वासाची गती लगेच वाढवते. त्यामुळे कर्बवायू अधिक बाहेर पडून रक्ताची आम्लता बिघडते. ती सावरण्याचे काम मूत्रपिंडांचे, आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. दरम्यान फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या प्राणवायूअभावी आकसतात; सगळीकडे सारख्या नव्हे, कुठे जास्त तर कुठे कमी. ज्या भागातून रक्त जोराने वाहते तिथल्या सूक्ष्म वाहिन्या दाबाने झिरपू लागतात आणि फुप्फुसांत पाणी भरते. फौजेच्या बोलीत हा ‘हापो’. वेळीच प्राणवायू मिळाला नाही किंवा रुग्णाला खाली उतरवले नाही, तर धडधाकट तरुण काही तासांत दगावू शकतो. व्यायामाने कमावलेले शरीर यात कवच ठरत नाही. उलट, आपल्याला काही होणार नाही या भरवशावर पहिल्याच दिवशी धावणारा जवान अधिक धोक्यात असतो.

हे ज्ञान फार महाग पडले. १९६२च्या युद्धाच्या सुमारास मैदानी छावण्यांतल्या तुकड्या विमानाने थेट लडाखमध्ये उतरवल्या गेल्या, आणि शत्रूची गाठ पडण्याआधीच विरळ हवेने अनेकांना आडवे केले. त्या काळातील रुग्णांचा अभ्यास लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी १,९२५ जवानांच्या आजाराची नोंद मांडली. ११,००० ते १८,००० फुटांच्या पट्ट्यात पोहोचल्यावर ६ ते ९६ तासांत लक्षणे दिसू लागतात, हे त्यातून पुढे आले. म्हणजे उतरल्या दिवशी ठणठणीत वाटणे ही कसलीच हमी नाही. याच निबंधात सुचवलेल्या उपचारांपैकी लघवी वाढवणारे फुरोसेमाइड पुढे मागे पडले, कारण उंचीवर शरीर आधीच कोरडे पडलेले असते. औषध बदलले, सावकाश चढण्याचे तत्त्व मात्र आजवर कुणाला बदलावे लागलेले नाही.

यावर सेनापतीचा आक्षेप रास्त आहे: शत्रू १४ दिवस थांबत नाही. १९९९मध्ये कारगिलची शिखरे किंवा २०२०च्या उन्हाळ्यात पूर्व लडाख, दोन्ही वेळी घाई होतीच. पण घाईचा हिशेब पूर्ण मांडायला हवा. हापो झालेला एक जवान केवळ एका रायफलीची वजाबाकी करत नाही. त्याला स्ट्रेचरवरून उतरवायला निदान चार जण लागतात, एक हेलिकॉप्टर अडकते, प्राणवायूची नळकांडी संपतात. जी पलटण दोन आठवडे वाचवायला निघते, ती वर पोहोचेपर्यंत कागदावरच्या संख्येपेक्षा बरीच लहान झालेली असते. घाईवरचा खरा उपाय दिवस कापण्यात सापडत नाही. तो संकटाआधी सरावलेले राखीव बळ उंचीवर ठेवण्यात आहे, आणि हा निर्णय शांततेच्या काळात, पैसे मोजूनच घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप औषधांचा. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ओळखीचे डायमॉक्स, मूत्रपिंडांचे काम लवकर घडवून आणते आणि डोकेदुखी, मळमळ खरोखर कमी करते. निकड असेल तेव्हा ते जरूर द्यावे. पण ते शरीराच्याच प्रक्रियेला रेटा देते, तिची जागा घेत नाही. तिसरा आक्षेप असा, की काही जण दोन दिवसांतच रुळतात, मग सर्वांना का अडकवायचे? कारण कोण रुळेल आणि कोण कोसळेल हे मैदानात तपासून खात्रीने सांगणारी चाचणी नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वैद्यकानेच घेतला आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिनवर ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाल्यापासून जवान अशा उंचीवर राहू लागले, जिथे माणसाची कायमची वस्ती जगात कुठेही नाही. तिथे १४ दिवसांचे वेळापत्रक पुरे पडते का? १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २१ भारतीय जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५,८०० ते ६,७०० मीटरवर आठवडेच्या आठवडे राहिल्यावर त्यांच्या हृदयाची उजवी बाजू थकली होती, अंगावर सूज आली होती. खाली आणल्यावर ते सुधारले. याचा अर्थ स्पष्ट आहे: एका मर्यादेपलीकडे शरीर सरावत नाही, केवळ झिजते. म्हणून सर्वोच्च चौक्यांवरचा मुक्काम काही महिन्यांपुरता ठेवतात. वर जाण्याच्या वेळापत्रकाला खाली येण्याच्या वेळापत्रकाची जोड लागतेच. आणि दोन्हींना बूट, स्नो गॉगल, पुरेसे उष्मांक यांचा आधार हवा. २०२०मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने नेमक्या याच गोष्टींतल्या उणिवांवर बोट ठेवले होते.

१ मे १९४८ रोजी पुण्यात उभ्या राहिलेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या ‘एएफएमसी’तून, बाहेर पडलेला तरुण डॉक्टर पलटणीचा ‘आरएमओ’, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, होऊन उंचीवर जातो, तेव्हा त्याची कसोटी शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा एका नकारात लागते: “सर, ही तुकडी आज वर जाऊ शकत नाही.” ऐकणारा हुद्द्याने मोठा असतो आणि त्याच्यावरचे दडपणही खरे असते. त्याला युद्धाच्या निकडीपुढे हा सल्ला मोडावा लागेलही. मात्र मोडताना त्याची किंमत माणसांच्या संख्येत ठाऊक असली पाहिजे. लष्करी वैद्यकाची मोजदाद आपण वाचवलेल्या रुग्णांवरून करतो. जे आजारी पडलेच नाहीत त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नसल्याने हे १४ दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. त्या दिवसांना युद्धसज्जतेचा भाग समजून योजनेतच जागा देणारे लष्कर उंचीवर जास्त माणसे उभी ठेवते; आणि चौकी टिकवायची तर शेवटी तीच संख्या लागते.