पायाला कळणारी वाट

माझे एक स्नेही, ज्यांनी तीस-बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि ज्यांची दृष्टी उतारवयात काचबिंदूने हळूहळू हिरावून नेली, ते आपल्या निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी एका सरकारी कचेरीत निघाले होते आणि मी त्यांच्यासोबत होतो. दुसऱ्याचा हात धरून चालणे त्यांना रुचत नाही. पांढरी काठी डावी-उजवीकडे फिरवीत, जमिनीचा कानोसा घेत ते व्हरांड्यातून निःशंकपणे चालले होते. जिना जेथे उतरत उतरत जमिनीकडे येतो आणि त्याच्या पोटाखाली मोकळी जागा राहते, तेथे काठीला काहीच लागले नाही आणि जिन्याची कड थेट गुरुजींच्या कपाळावर बसली. मी दोन पावले मागे होतो. कचेरीतली मंडळी धावली, कोणी पाणी आणले, कोणी खुर्ची पुढे केली, आणि एक कारकून अगदी कळवळून म्हणाला, "गुरुजी, सोबतच्यांचा हात धरायचा की हो!" त्याची कळकळ खरी होती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु चूक जिन्याची असता बोल गुरुजींना लागला, ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनात सलते आहे.

पांढरी काठी जमीन वाचते. खड्डा, पायरी, उंबरा, भिंतीचा पाया हे सारे तिला कळते. पण गुडघ्यापासून माथ्यापर्यंतच्या पट्ट्यात जे अधांतरी असते, ते तिच्या टप्प्यात येत नाही. भिंतीतून पुढे आलेले अग्निशामक नळकांडे, बाहेर उघडलेली खिडकीची झडप, लोखंडी नोटीसफलकाचा कोपरा आणि जिन्याचे पोट ही त्या पट्ट्यातली नेहमीची संकटे होत. त्यांचा उपाय मात्र कोणत्याही गवंड्याला जमेल इतका सोपा आहे. अधांतरी वस्तूच्या बरोबर खाली, जमिनीलगत, काठीला लागेल असे काहीतरी हवे : जिन्याखाली गुडघाभर उंचीचा कठडा बांधावा किंवा झाडांच्या जड कुंड्यांची रांग मांडावी, आणि नळकांडे भिंतीत कोनाडा करून आत बसवावे.

जमिनीलाच बोलते करण्याची कल्पना मात्र जपानातील ओकायामा शहरात राहणाऱ्या सेइइची मियाके या गृहस्थांची. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जात चालली होती. त्याला रस्त्यावर एकट्याने वावरता यावे, या एकाच ध्यासाने मियाके यांनी पदरचे पैसे खर्च करून १९६५ साली उठावाच्या ठिपक्यांची एक फरशी तयार केली, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळील एका चौकात तशा फरश्या प्रथम बसवण्यात आल्या. पुढे तेथील रेल्वेने फलाटांच्या कडेला त्या लावल्या आणि तेथून त्या जगभर पसरल्या. आज आपल्या मेट्रोच्या स्थानकांतून आणि नव्या पदपथांवरून जी पिवळी पट्टी आपण सहज ओलांडून जातो, तिचे मूळ एका माणसाच्या मित्रप्रेमात आहे, हे ज्या दिवशी मला कळले, त्या दिवसापासून त्या पट्टीवर मोटारसायकल उभी केलेली पाहवत नाही.

या फरशीची भाषा दोनच शब्दांची आहे. लांबट उठावाच्या रेघा म्हणजे 'या दिशेने चालत राहा', आणि गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे' : जिना, वळण, दार, फलाटाची कड. जेमतेम पाच मिलिमीटरचा तो उठाव चपलेच्या तळव्यातूनही जाणवतो. पण भाषा दोनच शब्दांची असल्यामुळे तीत एक शब्द जरी चुकला, तरी सबंध वाक्याचा अर्थ फिरतो. आपल्याकडे रेघांची वाट सरळ खांबावर जाऊन धडकते. दुरुस्तीसाठी उखडलेली फरशी परत बसवताना रेघा आडव्या पडतात. ठिपके पायरीच्या अगदी कडेला येतात आणि थांबायला पाऊलभरही जागा उरत नाही. वाटच नसेल तर अंध माणूस सावधपणे, चाचपत चालतो. ती असेल तर तिच्यावर विश्वास टाकून चालतो. म्हणून चुकीची वाट मुळीच नसलेल्या वाटेपेक्षा अधिक घातक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ज्यांना आपण सरसकट अंध म्हणतो, त्यांतील पुष्कळांना थोडेफार दिसते : कोणाला उजेड-अंधार, कोणाला ठळक रंग, कोणाला नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे. त्यांच्यासाठी रंगाचा ठळक भेद हाच मोठा आधार असतो. सबंध जिना एकाच करड्या ग्रॅनाइटचा असेल, तर त्यांना उतरताना तो घसरगुंडीसारखा सपाट दिसतो. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंदीची पिवळी पट्टी ओढली की पायऱ्या सुट्या होऊन डोळ्यांसमोर येतात. शोभेसाठी करड्या फरशीत चकचकीत पोलादी ठिपके बसवणाऱ्या वास्तुविशारदांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. काचेच्या दारावर नजरेच्या उंचीला एक पट्टा हवा, आणि जिन्याचा कठडा शेवटच्या पायरीवरच न संपता वीतभर पुढे जावा, म्हणजे पायऱ्या संपल्याचे हाताला पायाच्या आधी कळते. लिफ्टने मजला बोलून सांगावा. अंध माणूस तिच्यात एकटा असेल आणि ती मुकी असेल, तर दार उघडल्यावर आपण कोठे उतरत आहो, हे कळण्यास त्याला मार्ग नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्याच्या पंचेचाळिसाव्या कलमान्वये नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम व्हावयास हव्या होत्या; नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच उलटली. चव्वेचाळिसावे कलम नव्या इमारतींविषयी आहे : नकाशा नियमांना धरून नसेल तर बांधकामास मंजुरी नाही, आणि काम तसे झाले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला नाही. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेचा प्रवास मात्र फार दीर्घ झाला. २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयाने सरकारला कालबद्ध हुकूम दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सुगमतेविषयीचा पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कारण कायद्याने जे बंधनकारक केले होते, ते या नियमाने केवळ मार्गदर्शनावर सोडून दिले होते. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करावेत, असे न्यायालयाने बजावले. शिफारस आणि सक्ती यांतले हे अंतर कागदावर एका शब्दाचे दिसते. गुरुजींच्या कपाळावरची खूण त्याच अंतराची आहे.

तरीही हे काम शेवटी हुकमाने नव्हे, तर हातांनी होते, आणि ते हात मी पाहिले आहेत. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या फाटकापासून दारापर्यंत उठावाच्या फरश्या बसत होत्या. मी आणि गुरुजी तेथे गेलो असता गवंड्याने त्यांची काठी पाहून स्वतःच विचारले, "बाबा, ठीक बसल्यात का, जरा चालून सांगता?" गुरुजी चालले आणि पायरीपाशी अडखळले, ठिपक्यांची फरशी तिला अगदी चिकटून बसली होती. गवंडी काही बोलला नाही. त्याने चपला काढल्या, डोळे घट्ट मिटले आणि फाटकापासून एकेक पाऊल टाकीत तो स्वतः त्या वाटेने आला. पायरीला त्याचा अंगठा लागला. मग त्याने खाली बसून, सिमेंट ओले होते तोवर, शेवटच्या दोन फरश्या थापीने उचकटल्या आणि वीतभर अलीकडे सरकवल्या.