पुनःशुद्ध पाणी आणि लोकसंमती : टूवूम्बा येथील सार्वमताचा विचार

नगरातील सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा पिण्याच्या पुरवठ्यात आणणे ही आता केवळ प्रयोगशाळेतील कल्पना राहिलेली नाही. नामिबियातील विंडहुक नगराने १९६८ सालापासून हा मार्ग अनुसरला आहे. अशा योजनांचे यशापयश मात्र पुष्कळदा यंत्रांपेक्षा नागरिकांशी होणाऱ्या विचारविनिमयावर अवलंबून असते. हा विचारविनिमय कोणत्या टप्प्यावर व कशासाठी व्हावा, या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा नगराचे उदाहरण उद्बोधक आहे.

क्वीन्सलंड राज्यातील हे नगर ग्रेट डिव्हायडिंग पर्वतरांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसले आहे. जवळ मोठी नदी नसल्यामुळे त्याची मुख्य भिस्त तीन धरणांवर होती. चालू शतकाच्या आरंभीच्या दीर्घ अवर्षणात ही धरणे आटू लागली. तेव्हा नगरपरिषदेने २००५ साली एक योजना पुढे मांडली. सांडपाणी अतिसूक्ष्म गाळण्यांतून व त्यानंतर दाबाखाली पारपटलांतून न्यावयाचे, अतिनील किरणांनी निर्जंतुक करावयाचे आणि मग कूबी धरणातील पाण्यात मिसळावयाचे, असे तिचे स्वरूप होते. खर्च सुमारे ६ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर अपेक्षित होता.

योजनेस लवकरच संघटित विरोध सुरू झाला. औषधांचे व संप्रेरकांचे अंश पाण्यात राहतील, घरांच्या किमती उतरतील, खाद्यपदार्थांचे उद्योग नगर सोडून जातील, अशा शंका मांडल्या गेल्या. नगराच्या नावाची थट्टाही होऊ लागली. याच सुमारास, २००६ साली, केंद्र शासनाने आपले अर्थसाहाय्य सार्वमताच्या कौलावर अवलंबून ठेवले. ज्या शंकांच्या निरसनास काही वर्षांचा अवधी हवा होता, त्यांच्यासाठी आता अवघे काही महिने उरले. २९ जुलै २००६ रोजी झालेल्या मतदानात सुमारे ६२ टक्के मते योजनेच्या विरुद्ध पडली.

हा अज्ञानाचा विजय होय, असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. परिषदेची उत्तरे मुख्यतः पाण्याच्या शुद्धतेविषयी होती. नागरिकांच्या शंकांमागील प्रश्न काहीसे निराळे होते. पाण्याची तपासणी कोण करणार? यंत्रणेत बिघाड झाल्यास उत्तरदायित्व कोणाचे? अन्य मार्ग खरोखर पडताळून पाहिले काय? हे प्रश्न विश्वासाचे आहेत, आणि विश्वास केवळ रासायनिक विश्लेषणाने उत्पन्न होत नाही. शिवाय सार्वमताने नागरिकांपुढे ठेवला तो एकच तयार प्रस्ताव. तो स्वीकारणे किंवा नाकारणे, यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हते. संमती मागणे आणि विचारात सहभागी करून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. टूवूम्बात पहिलीने दुसरीची जागा घेतली.

याउलट कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात २००८ साली अशीच योजना कार्यान्वित झाली. तेथे वैद्य, निर्वाचित प्रतिनिधी व नागरी संस्था यांच्याशी बांधकामापूर्वी अनेक वर्षे संवाद चालू होता. अर्थात् ही तुलना जपूनच केली पाहिजे. तेथील शुद्ध केलेले पाणी प्रथम भूगर्भात मुरविले जाते व मगच विहिरींतून उपसले जाते, त्यामुळे त्याच्या उगमाची जाणीव काहीशी पुसट होते. तसेच परिसरातील जलसंस्थेस या कामाचा जुना अनुभव होता.

नकारामुळे टूवूम्बाची टंचाई अर्थातच मिटली नाही. पुढे विव्हेनहो धरणापासून डोंगरमाथ्याकडे पाणी चढविणारी नळवाहिनी घालण्यात आली व ती २०१० साली पूर्ण झाली. त्या धरणातही पुनःशुद्ध पाणी सोडण्याची राज्य शासनाची योजना होती. तिच्याबाबत घ्यावयाचे सार्वमत २००७ च्या आरंभी रद्द करण्यात आले. पुढे पाऊस झाल्यावर, २००८ च्या अखेरीस, धरणांतील साठा ४० टक्क्यांखाली गेल्यासच तसे करावे, असे ठरले. म्हणजे टूवूम्बाच्या नागरिकांनी जो प्रश्न मतपेटीत नाकारला, तोच दुसऱ्या धरणाच्या वाटेने, आणि या वेळी त्यांचे मत न घेता, पुन्हा त्यांच्यापुढे उभा राहू शकत होता.

यावरून एक कसोटी हाती येते. ज्या विचारविनिमयामुळे मूळ प्रस्तावात काही पालट होण्याचा संभव असतो, तोच खरा विचारविनिमय. तो संभव नसेल, तर सभा कितीही भरविल्या आणि पत्रके कितीही वाटली, तरी ती केवळ प्रसिद्धी ठरते. आणि प्रसिद्धीला नागरिक मतपेटीतून उत्तर देतात.