शून्य पूर्णांक एक

सेकंदाला एक रुपया या गतीने, न थांबता, न झोपता पैसे मोजायला बसा. लाख रुपये दुसऱ्या दिवशी मोजून होतात. कोटीला अख्खा चातुर्मास जातो, ११६ दिवस. आणि ७० हजार कोटी आज मोजून संपवायचे असतील, तर सुरुवात बावीस हजार वर्षांपूर्वी करायला हवी होती. तेव्हा माणसाला शेतीच ठाऊक नव्हती, पाटबंधारे तर दूरच.

महाराष्ट्राने एका दशकात सिंचनावर खर्च केलेली रक्कम म्हणून २०१२ साली हाच आकडा गाजला. पण गहजब झाला तो त्याच्या शेजारच्या चिमुकल्या आकड्यामुळे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत पिकाखालच्या एकूण क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचं प्रमाण छापलं होतं : २०००-०१ मध्ये १७.८ टक्के, २००९-१० मध्ये १७.९. वाढ, शून्य पूर्णांक एक.

राज्यात पिकाखालचं क्षेत्र ढोबळ सव्वादोन कोटी हेक्टर. त्याचा ०.१ टक्का म्हणजे बावीस-तेवीस हजार हेक्टर. भागाकार केला तर हेक्टरी तीन कोटी, गुंठ्याला तीन लाख! एवढ्या पैशांत त्या काळी विदर्भात पाणी कशाला, शेतच विकत मिळालं असतं. हा हिशेब आडमाप आहे, हे कबूल. पेरणीचं क्षेत्रही दहा वर्षांत वाढलं होतं, कित्येक धरणं अर्धवट होती, आणि ७० हजार कोटी हा खर्च होता, चोरीचा आकडा नव्हे. चौकातल्या गप्पांत मात्र दोन्ही एकच होऊन गेले.

खर्च फुगतो कसा, हे कळायला पाटबंधारे खात्यातला एक शब्द पुरे : सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. भूसंपादन महागलं, आराखडा बदलला, दरसूची बदलली, की घ्या सुप्रमा. कारणं खरीही असतात, हीच त्यातली मेख. गोसीखुर्दचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा; तो १८ हजार ४९४ कोटींवर गेला, जवळपास पन्नास पट. २००९ मध्ये विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेल्याचा आरोप झाला. रात्रंदिवस, तासाला चार कोटींच्या आसपास. एवढ्या वेगाने कागदावर सह्या तरी कशा होतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक, अखेर डिसेंबर २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात त्याच उपमुख्यमंत्र्यांना दिलेली क्लीन चिट. मला जास्त खुपते ती वेगळीच गोष्ट. पुढच्या पाहण्यांत कित्येक वर्षं सिंचनाच्या टक्केवारीपुढे ‘उपलब्ध नाही’ एवढंच येत राहिलं. ताप कळू नये म्हणून थर्मामीटरच फडताळात! कोण दोषी हे न्यायालय ठरवील, पण किती भिजलं हे सांगायला तर सरकारला कोणाची परवानगी लागत नाही.

पाणी मोजून दाखवता येतं, हे पाहायचं तर नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथे १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या करायला घेतल्या. खातं घनमीटरवर मोजून संस्थेला पाणी देतं, संस्था सभासदांना, पाणीपट्टी तीच गोळा करते. सुरुवातीच्या तीन संस्थांच्या पुढे चोवीस झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप त्यांच्या हाती आलं. कोटींचा उल्लेख तिथे क्वचितच निघत असेल. चारीच्या तोंडाशी मोजपट्टीवर पाणी किती सेंटिमीटर चढलंय, हे अगदी शेवटच्या टोकाचा, टेलचा शेतकरीही स्वतः वाकून वाचू शकतो.